नाय म्हण गो

किळस ही मानवजातीची सर्वांत जुनी राखणदार आहे. नासलेले अन्न, साचलेले पाणी आणि अनोळखी माणसाचा अति गोड शब्द यांपासून आपल्या पूर्वजांना ना शास्त्रांनी वाचवले, ना राजांनी. त्यांना वाचवले ते आपोआप मुरडलेल्या नाकाने. हे विधान मी बरीच वर्षे गंभीरपणे करत आलो आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरावा एकच आहे : पेणच्या आमच्या आळीतली वर्गणीकाकी. तिचे नाक कायम मुरडलेले असे. पण तिच्याकडची ती राखणदारीण बहुतेक वेळ बोंबलांचा भाव पाडण्याच्या कामाला जुंपलेली होती, हेही सांगितले पाहिजे.

काकीचे प्रत्येक वाक्य 'शी'ने सुरू होई. नळाला पाणी आले नाही की 'शी', आले की 'शी, काय गढूळ'. टीव्हीवर एखादा पुढारी हात जोडून हसताना दिसला की एक लांबलचक, शेवटाला वर चढत जाणारी 'शी' निघे. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ असल्यामुळे ती माझ्यापर्यंत पोचे, आणि बातमी काय असावी याचा मला साधारण अंदाज येई. मला ती 'वाचनालय' म्हणायची. तिने मला पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा माझ्या हातात पुस्तकांचा गठ्ठा होता आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला. "शी, वाचनालय, अधूनमधून खाली पण बघत जा," असे म्हणून तिने माझे बारसे उरकले.

ती मूळची रोह्याची. लग्न होऊन पेणला आली आणि सगळे आयुष्य इथे काढले, पण पेणला तिने कधी माफ केले नाही. "तुम्ही पेणकर देव करता नि ट्रकात भरून विकता," असे ती मूर्तींच्या कारखान्यांसमोरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणे. "आमच्या रोह्यात देव पालखीत बसून दारोदार फिरतो. देव सोता दारात येतो, मग मागणाऱ्याच्या पायांना काय झालंय?" या शेवटच्या वाक्यावर तिची सगळी विचारसरणी उभी होती. मागणाऱ्याने उंबऱ्याशी उभे राहावे, तोंड दाखवावे, काय हवे ते बोलावे आणि नकार मिळाला तर तोही उभ्यानेच घ्यावा. "ज्याला तोंडावर नाय म्हणता येत नाय," ती सांगे, "त्याला कधी व्हय म्हणू नये." भिशी, लॉटरी, दामदुप्पट योजना आणि निवडणुका या सगळ्यांना तिने हेच एक माप लावले होते. अर्थशास्त्रावरची जी थोडीफार पुस्तके मी वाचली आहेत त्यांत याहून उपयोगी वाक्य मला आढळलेले नाही.

आळीच्या सार्वजनिक गणपतीच्या मंडळात तिला कोणतेही पद नव्हते. पदे पुरुषांकडे होती, कारण पदासोबत बॅनरवर फोटो येतो. वर्गणी मात्र काकी आणायची. श्रावण लागला की ती बाहेर पडे. दारात उभी राही, आत येत नसे, चहा घेत नसे. जायची ती बरोबर जेवणाच्या वेळेला, कारण ताटातला भात निवत असताना कुणी घासाघीस करत नाही. आधी एक अशक्य आकडा सांगायची. समोरच्याचा चेहरा पुरेसा पडला की बऱ्यापैकी खाली यायची, आणि सुटकेच्या आनंदात माणूस ते देऊन मोकळा होई. 'उद्या देतो' म्हणणाऱ्याला, "उद्या मूर्तीचा विसार द्यायचाय, आजच पायजे," असे सांगायची. ते बहुधा खरे नसे. गेल्या वर्षी ज्यांनी मुकाट दिले त्यांच्या दारी ती सगळ्यांत आधी जाई. "जित्ता झरा हाय तिथं पयलं खणायचं," हा तिचा नियम होता.

आणि तरीही एखाद्याने हात आखडलाच, तर त्याचे नाव बदले. कोपऱ्यावरच्या घरातल्या वैनीने एका वर्षी ठरल्यापेक्षा निम्मीच वर्गणी दिली. काकीने तिचे नाव 'निम्मी' ठेवले. गणपतीचे विसर्जन झाले, नावाचे झाले नाही. आता पार्सल घेऊन येणारी मुलेसुद्धा आळीच्या तोंडाशी उभी राहून "निम्मीवैनी कुठे राहतात?" असे विचारतात. या सगळ्याला आम्ही काकीचा प्रेमळ दरारा म्हणत असू. दराऱ्याला प्रेमळ म्हणण्याची पद्धत ज्यांच्यापर्यंत तो पोचत नाही अशा लोकांनी पाडलेली आहे, हे मला नंतर कळले.

मग मंडळ आधुनिक झाले. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे पप्या. आळीत त्याला सगळे लहानपणापासून पप्या म्हणत, पण बॅनरवर तो 'कार्यसम्राट' होता. त्याने जाहीर केले की यापुढे वर्गणी मोबाइलवरून घेतली जाईल. सगळ्यांना मेसेज जाईल, चौकोनी चित्र येईल, ते स्कॅन करायचे. काकीला शाल आणि नारळ देऊन 'मार्गदर्शक' करण्यात आले. मार्गदर्शक म्हणजे ज्याने आता मार्गातून बाजूला व्हावे असा माणूस. सत्काराला उत्तर देताना काकी एवढेच म्हणाली, "शी, नारळ नासका हाय." तिने तो कानाशी हलवून पाहिला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर श्रावणात, आळीतल्या निम्म्याअधिक फोनांवर एक मेसेज आला. तो असा होता : 'प्रिय सन्माननीय ग्राहक, आपली वार्षिक वर्गणी आज स्वयंचलित नूतनीकरण होत आहे. रु. ४,९९९ आपल्या खात्यातून वजा होतील. रद्द करण्यासाठी त्वरित खालील क्रमांकावर संपर्क साधा.' खाली एक फोन नंबर होता आणि एक लिंक होती. लिंकमधले नाव तोंडात सुपारी धरून उच्चारल्यासारखे दिसत होते.

मला त्या मेसेजची जितकी किळस आली तितकी उंबऱ्यावर मेलेल्या घुशीचीही आली नव्हती. घूस निदान 'प्रिय' म्हणत नाही. कुठल्यातरी खोलीत बसलेल्या कुणा भामट्याने परभाषेतला मजकूर एखाद्या यंत्रात घातला होता आणि यंत्राने त्याचे मराठी करून दिले होते. परदेशी सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीला वर्षाचे पैसे भरतात त्याला मराठीत वर्गणी म्हणतात, एवढे त्या यंत्राला ठाऊक होते. पेणमध्ये श्रावणात वर्गणी म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. गंमत अशी की या अज्ञानाचा त्या भामट्याला फायदाच झाला. 'तुमचे सबस्क्रिप्शन संपत आहे' असे आले असते तर आळीतल्या अर्ध्या बायकांनी तो मेसेज कंपनीचा म्हणून पुसून टाकला असता. वर्गणी म्हटल्यावर सगळ्या उठून बसल्या.

तासाभरात काकीच्या दारात गर्दी झाली. "काकी, पाच हजार? देव सोन्याचा आणताय काय?" "शी! मी कशाला मागू? मी मार्गदर्शक हाय," काकी म्हणाली आणि तशीच पप्याच्या घरावर चालून गेली. मागोमाग आम्ही.

"पप्या, पाच हजार कुठल्या तोंडानं मागतोस रे?"

"काकी, आईशप्पथ, आमचा मेसेज नाय तो. आमचा गुलाबी असतो. त्यात बाप्पाचा फोटो असतो, बाजूला माझा."

"तुझा कशाला?"

"अध्यक्ष हाय ना मी."

"मंग ह्यात कुणाचाच फोटो नाय, म्हंजे हा तुझा नाय," काकीने निर्णय दिला. पप्याच्या स्वभावावर आधारलेला हा निकष अचूक होता.

तिथे जमलेल्यांना मी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. खरी कंपनी तुम्हांला बाहेर जायला एवढ्या प्रेमाने दार उघडून देत नसते. तिच्याकडून काही बंद करून घ्यायचे म्हटले तर दार सापडता सापडत नाही. इथे मात्र 'रद्द करा, रद्द करा' म्हणून पाया पडणे चालले होते, यावरूनच ओळखायचे. आणि शंका आलीच तर आपण काय घेतले आहे ते आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये दिसते, बँकेचा नंबर पासबुकावर छापलेला असतो, तिथे विचारावे. मेसेजमधल्याच नंबरवर फोन करून विचारणे म्हणजे घरात शिरलेल्या चोरालाच 'घरात चोर आहे का रे?' असे विचारणे. सगळे हसले, मेसेज पुसले आणि घरोघर गेले. मला वाटले, संपले.

सुमन त्या गर्दीत नव्हती, हे माझ्या लक्षात आले नाही. सुमन म्हणजे आळीच्या शेवटच्या घरात पोह्याचे पापड लाटणारी बाई. नवरा मागेच गेला, मुलगी लग्न होऊन नागोठण्याला. पेणच्या पापडाचे नाव मोठे असले तरी पावसाळ्यात तो वाळत नाही. सुमन चार महिने आतल्या खोलीत पंख्याखाली, खाटेवर, जुन्या साड्यांवर पापड पसरून कसेबसे भागवायची. मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालायची आणि पावसातही धंदा चालू ठेवायचा, यासाठी ती पैसे साठवत होती. पापडाच्या पिठाच्या लाट्या ती रोज वाटीभर काकीकडे पाठवायची, कारण काकीला त्या तेलात बुडवून खायला आवडत. ती वाटी येणे अचानक बंद झाले. काकी दिसली की सुमन रस्ता बदलू लागली. "शी, वर्गणी जवळ आली की लोकांची नजर बदलते," काकी म्हणाली. ते तिच्या अंदाजापेक्षा फार जास्त खरे होते.

मग एका सकाळी सुमन फोन घेऊन माझ्याकडे आली. "जरा वाचून सांगा. पैसे परत मिळणार असं आलंय." मेसेज होता : 'आपला परतावा मंजूर झाला आहे. आमचा प्रतिनिधी संपर्क करेल.'

"कसले पैसे?" मी विचारले.

तिने खाली पाहत सांगितले. तिला तो वर्गणीचा मेसेज आला होता. तिने खालच्या नंबरवर फोन केला होता. तिकडच्या माणसाने एक अ‍ॅप घ्यायला लावले, मग फोनवर आलेले आकडे वाचून दाखवायला सांगितले. तिने वाचून दाखवले. शेडचे पैसे गेले.

"काकींना सांगू नका," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून 'शी' ऐकू आली नाही. काकी भिंतीपलीकडे नाही, हे मला त्यावरून कळायला हवे होते. ती माझ्या दारात उभी होती.

"काय सांगू नका?"

सुमन रडली नाही. रडली असती तर सोपे झाले असते. ती नुसती पदराचे टोक गुंडाळत राहिली.

"अगो, वर्गणी जास्ती वाटली तर मला बोलायचंस ना! चार पावलांवर हाय मी. त्या कोण मेल्याला फोन करत बसलीस?"

"तुम्हाला कशी बोलू काकी?" सुमन म्हणाली. "तोंडावर नाय कशी म्हणू? कोपऱ्यावरच्या वैनींचं खरं नाव आता त्यांच्या नवऱ्याला तरी आठवतं काय? मला वाटलं, फोनवर सांगावं, कुणाला कळायचं नाय. त्याला म्हटलं, दादा, एवढी वर्गणी झेपत नाय, रद्द करा. तर तो म्हणाला, काही हरकत नाही माताजी." ती थांबली. "काकी, इतक्या गोड शब्दांत मला कुणी कधी 'काही हरकत नाही' म्हटलेलं नाय."

काकी उंबरा ओलांडून आत आली. मग ती "शी" म्हणाली. ती 'शी' अगदी आखूड होती आणि कुणाला उद्देशून होती ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. ज्याला तोंडावर नाय म्हणता येत नाही त्याला व्हय म्हणू नये, हे वाक्य आळीला शिकवणाऱ्या बाईला आळीत कुणीही तोंडावर नाय म्हणू शकत नव्हते. एका चांगल्या शब्दाची भूक आमच्या आळीत आम्ही तयार केली होती. भामट्याने फक्त ताट वाढले.

मग काकी खाली बसली आणि तिने सुमनला सगळे पहिल्यापासून विचारले. आकडा किती सांगितला? पाच हजार. "मोठा सांगायचा, म्हंजे माणूस हबकतो. माझं हाय हे." केव्हापर्यंत? आजच्या आज. "हे पण माझं." तू फोन केलास तेव्हा काय करत होतीस? पीठ मळलेलं, लाट्या करायच्या होत्या, हात भरलेले. "हात भरलेला माणूस घाईत व्हय म्हणतो. शी गो! मेले माझाच धंदा करतात. नुसती पावती नाय नि आरती नाय." इतक्या खऱ्या किळसेने बोललेले वाक्य मी तिच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते. मग ती फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हा परत येणार. दिलेल्याच्या दारात पयलं जायचं. पैसे परत देतो म्हणून येणार नि राहिलेले नेणार."

"पण मंजूर झालंय म्हणतो," सुमन म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती. खात्यात आता घरखर्चापुरतेच शिल्लक होते, आणि काकीला तेवढे तरी वाचवायचे होते.

त्याच दिवशी आम्ही बँकेत गेलो, कार्ड बंद केले, ते अ‍ॅप काढून टाकले, सायबर तक्रारीच्या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. बँकेतला मुलगा भला होता. तो म्हणाला, पैसे गेल्या गेल्या कळवले असते तर कदाचित वाटेत अडवता आले असते. पण सुमन इतके दिवस लाजेने गप्प बसली होती. भामट्याला पळायला जी सवड लागते ती त्याला लाजच मिळवून देते.

पप्याला ही हकिकत कळली तेव्हा त्याने तातडीने कार्यवाही केली : सायबर जनजागृती मेळावा भरवला. बॅनर छापला. त्यावर पप्याचा फोटो हसरा होता, जणू फसवणूक ही त्याने आळीला मिळवून दिलेली सोय होती. दीपप्रज्वलन झाले, पहिल्या वातीला वारा लागला म्हणून पुन्हा झाले. व्यासपीठावरच्यांनी एकमेकांना शाली घातल्या. आपल्यामुळे आळी डिजिटल झाली, असे पप्याने भाषणात तीनदा सांगितले, आणि ते एका अर्थी खरे होते. तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या गृहस्थांना वेळ उरला नाही, त्यामुळे त्यांनी फक्त तात्पर्य सांगितले : सावध राहा. सुमन मागे कोपऱ्यात बसली होती. तिच्याबद्दल 'आपल्यातील एक भोळी भगिनी' असा उल्लेख झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिले. "शी," काकी मला म्हणाली, "गेलेल्या पैशांवर पण ह्यांनी हार घातला."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःचा वर्ग सुरू केला. सुमनच्या उंबऱ्याशी उभी राहून ती घसा साफ करायची आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणायची, "माताजी, जरा आकडे वाचून दाखवता?" तो गोडवा तिला झेपत नसे. बिघडलेल्या पेटीवर कुणी अंगाई वाजवावी तसे ते ऐकू येई.

"नाय हो... म्हंजे बघते," सुमन म्हणायची.

"'बघते' नको! 'बघते' म्हंजे अर्धी व्हय. परत."

"नाय, कारण शेडचे पैसे आधीच—"

"कारण सांगू नको. कारण दिलंस की तो कारणाला धरतो. शेड म्हटलंस की शेडीचं विचारतो, पत्रे कुठले, माणसं किती, नि बोलता बोलता हात तुझ्या डब्यात. नुसतं नाय म्हण गो. मेल्या उंदरावर पाय पडल्यावर म्हणतेस तसं म्हण."

"उंदरावर पाय पडल्यावर मी नाय म्हणत नाय. ओरडते."

"मंग ओरड!"

हा प्रकार रस्त्यावरून दिसत असल्याने हळूहळू इतर बायकाही जमू लागल्या. कुणी भामटा होई, कुणी गिऱ्हाईक. निम्मीवैनीचा 'नाय' सर्वांत अस्सल निघाला. तिला पूर्वानुभव होता. काकीने तो दोनदा म्हणायला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "असा पायजे बघा. ह्या बाईचं नाव काय गो?" वैनीने नाव सांगितले. काकीने ते एकदा मोठ्याने उच्चारून पाहिले. माफी मागण्याची तिची पद्धत एवढीच होती.

आणि तो आला. दुपार होती, बाहेर पाऊस, आत पंख्याखाली पापड. मी कुरकुरता पंखा दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता द्यायला म्हणून तिथे टेकलो होतो, काकी वाटी पुढ्यात घेऊन बसली होती. फोन वाजला. सुमनने तो बोटाच्या टोकाने उघडला आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार माताजी! खुशखबर आहे. आपले पूर्ण पैसे परत येत आहेत. फक्त एक छोटी प्रक्रिया फी भरायची आहे, तीसुद्धा परत मिळेल."

पूर्ण पैसे. सुमनची नजर मागच्या दारातून अंगणाकडे गेली, जिथे शेड असायला हवी होती. मग तिने काकीकडे पाहिले. काकीने काय करावे? तिने वाटीतली एक अख्खी लाटी उचलली आणि तोंडात कोंबली. पोह्याच्या पापडाची लाटी तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. ती चिकट असते. हे काकीला चांगले ठाऊक होते आणि म्हणूनच तिने ती कोंबली. तिचे डोळे मात्र वटारलेले होते.

"माताजी?"

"नाय," सुमन म्हणाली.

"माताजी, ऐकून तर घ्या—"

"नाय."

"अहो, हे तुमचेच पैसे आहेत!"

"माझेच हायत म्हणून नाय."

मग तो माणूस माताजीवरून एकदम तिच्या आईवर आला. जे शब्द त्या फोनमधून बाहेर पडले ते पापडांवरही पडू नयेत म्हणून पदर पसरावा असे होते. इतक्या दिवसांचा तो गोडवा, ते 'काही हरकत नाही', त्याखाली हीच घाण भरलेली होती, आणि झाकण उडायला दोन अक्षरे पुरली. सुमनने फोन बंद केला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिथे नाक मुरडलेले होते. मी ते नाक ओळखले.

काकीने लाटी गिळली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शी. काय तोंड, काय तोंड!" मग हात पुसून, जणू काही झालेच नाही अशा आवाजात, तिने विचारले, "बरं गो सुमन, ह्या सालची वर्गणी किती लिहू?"

"नाय," सुमन म्हणाली.

पंखा फिरत होता. सुमनला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळले. "म्हंजे काकी, यंदा काय जमायचं नाय, शेडीचे पैसे तुम्हाला ठाऊकच—"

"कारण सांगू नको म्हटलंय ना गो!" काकी ओरडली.

त्या संध्याकाळी ती घरोघर गेली. वर्गणी मागायला नव्हे. "सुमननं मला तोंडावर नाय म्हटलं," असे ती प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती, नातवाचा नंबर आल्यासारख्या आवाजात. मी विचारले, मग नाव काय ठेवलेस तिचे? "शी, वाचनालय," काकी म्हणाली, "नाव हाय की तिला. सुमन."

सुमनचे गेलेले पैसे आले नाहीत. अर्जाचे काय झाले ते विचारायला ती अधूनमधून जाते, आणि तिला अधूनमधून बसायला खुर्ची देतात. शेड तिने पुढच्या वर्षी घातली, आधी अर्धीच.

त्यानंतर काकी फार दिवस पेणला राहिली नाही. गुडघे गेले आणि रोह्याला कारखान्यात असलेल्या मुलाने तिला नेले. जाताना ती म्हणाली, "फोन करत बसू नका. तोंड दिसत नाय त्याच्याशी मी बोलत नाय." हे तिने अक्षरशः पाळले. मी फोन केला की ती, "वाचनालय असशील तर ये इथे," एवढे म्हणून ठेवून देई. एकदा तर तिने खऱ्या बँकेलाही धुडकावले आणि तिचे पेन्शन अडकले. मुलगा चिडला. काकी म्हणाली, "बँकेला पाय नायत काय?" अखेर शाखेतली एक मुलगी कागद घेऊन घरी आली, उंबऱ्याशी उभी राहिली, आणि काकीने तिला चहा पाजला. किळस हे सरसकट वापरण्याचे हत्यार नाही, असे मला तेव्हा वाटले होते. अजूनही वाटते. पण त्या मुलीला चहा मिळाला, हेही खरे आहे.

गेल्या थंडीत आळीतल्या काही फोनांवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला. वर्गणीकाकी गेली, असे त्यात लिहिले होते. खाली रोह्याचा पत्ता आणि अंत्यविधीची वेळ. आळीत कुणीही विश्वास ठेवला नाही. सुमनने तो मला दाखवला आणि म्हणाली, "घाई बघा कशी करतोय. आजच या म्हणतो." निम्मीवैनी म्हणाली, "अजिबात फोन करू नका त्याला." मलाही ते पटले, आणि ते पटणे फार बरे वाटले. शेवटी तोंडावर विचारून येऊ म्हणून आम्ही तिघे रोह्याच्या बसमध्ये बसलो. मुलाने नंबर बदलला होता. दारात चपला होत्या. सुमन उंबऱ्यापाशी थांबली, तिने आत पाहिले आणि तिला जे म्हणायचे होते ते ती अगदी स्पष्ट म्हणाली. "नाय."

एक सामान्य बाई आपल्यामागे काय ठेवून जाते, असा प्रश्न थोरांच्या स्मृतिसभेत विचारतात. काकीने एका संपूर्ण आळीला नकाराची दीक्षा दिली. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचे पैसे मेसेजवरून गेलेले नाहीत. कुणाला बक्षीस लागत नाही, कुणाचे वीजबिल रात्रीत थकत नाही, कुणाची वर्गणी आपोआप नूतन होत नाही. बायका दारात उभ्या राहून, डोळ्याला डोळा देऊन, कारण न सांगता नाय म्हणतात. हा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल यात मला शंका नाही.

एरवी ट्रकातून येणारा आमच्या आळीचा सार्वजनिक गणपती यंदा शेजारच्या जोहे गावाहून रिक्षातून आला, अध्यक्षांच्या मांडीवर.